हडळीवर नेमणूक

मला आमच्या गावात शिकारीण म्हणतात. खरी शिकार करायचे ते माझे वडील. तितर, लावे, ससे. ओढ्याकडेला जाळं लावून बसायचे. एकदा वनखात्याच्या लोकांनी जाळं जप्त केलं, तेव्हापासून ते साप धरून लांब नेऊन सोडायला लागले, आणि मी त्यांच्याकडून तेवढंच शिकले. मी स्वतः आजवर उंदीरसुद्धा मारलेला नाही. वडील गेल्यावर तेलगावच्या आसपास कुठंही नाग निघाला की मला फोन येतो. लोक फोनवर "ताई, लवकर या" म्हणतात, साप पिशवीत गेला की चहा पाजतात, आणि मी वळले की मागं म्हणतात, "बाईच्या जातीला शोभतं का हे?" दोनदा शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. शाली आईनं सिरसाळ्याच्या मावशीला देऊन टाकल्या.

बत्तिसाव्या वर्षी माझं लग्न झालेलं नव्हतं. स्थळं यायची. मुलगी काय करते म्हणून विचारायची. आई खरं सांगायची, आणि पाहुणे अर्धा चहा कपात ठेवून उठायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. का वाटत नाही, याचा विचार मी मुद्दामच करत नव्हते.

त्या उन्हाळ्यात गावात शेळ्या मरायला लागल्या. महिन्याभरात चार. सकाळी दावणीला शेळी मेलेली, गळ्याला दातांची भोकं, बाकी अंग जवळजवळ तसंच. खाल्लेलं नाही, नेलेलं नाही. मग लोक म्हणायला लागले, रक्त पिऊन सोडतंय. आणि रक्त म्हटल्यावर गावाला एकच बाई आठवली.

गावाबाहेर तेलगावच्या रस्त्याला कापसाचं बंद पडलेलं एक जिनिंग आहे. सरकी कधीच संपली, राहिलंय ते एक दगडी गोदाम, एक उंच चिमणी आणि शेकड्यानं वटवाघळं. त्याच्या आवारात पूर्वीच्या मॅनेजरची दोन खोल्यांची क्वार्टर आहे. तिथं चार महिन्यांपूर्वी एक बाई भाड्यानं आली होती. मूळची घाटनांदूरची, वय माझ्याएवढंच, एकटी. तेलगावातल्या एका तपासणी केंद्रात रक्त काढायचं काम करायची. पहाटे अंधारातच निघायची, गावोगावच्या म्हाताऱ्यांची उपाशीपोटीची रक्तं काढायची, ऊन वर यायच्या आत केंद्रात शिरायची आणि दिवस मावळल्यावर परत यायची. अंगावर पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला स्कार्फ, वर काळी छत्री. उन्हाळ्यात आमच्याकडच्या स्कूटीवरच्या सगळ्याच पोरी डोळे सोडून सगळं बांधून घेतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. पण ही आभाळ आलेलं असलं तरी सोडायची नाही.

चौथ्या शेळीनंतर मारुतीच्या पारावर बैठक बसली. आमच्या सरपंच बाई आहेत. त्यांना मी चार वर्षांत एकदाच बोलताना ऐकलं, तेही "चहा घ्या" एवढंच. कारभार त्यांचे मालक बघतात, म्हणून सगळं गाव त्यांना मालकच म्हणतं. बैठकीला मालक मधोमध बसले होते. शेजारी एक पत्रकार. हे गृहस्थ झेरॉक्सचं दुकान चालवतात आणि त्याच दुकानातून एक यूट्यूब चॅनलही चालवतात.

एक म्हातारा म्हणाला, "हडळीचे पाय उलटे असतेत. हिचे सरळ हाईत. मी सोता बघितलेत."

"तुमी कावून बघत होता?" मागून कुणीतरी विचारलं.

पत्रकारानं घसा साफ केला. "ही हडळ न्हाईच. ही व्हॅम्पायर हाय. ती जात येगळी. उन्हात जळती, लसूण चालत न्हाई, रक्तावर जगती. मी मोबाईलवर सगळं बघितलंय."

किराणा दुकानदारानं लगेच साक्ष दिली. चार महिन्यांत बाईनं तेल नेलं, साखर नेली, साबण नेला, पण लसणाचा एक गड्डा नेला नाही. ज्या गावात लसणाच्या ठेच्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही, तिथं हा पुरावा फार मोठा होता.

"पण परदेशी जात घाटनांदूरला कशी आली?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आजकाल कायबी कुठंबी जातंय," पत्रकार म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "जनावर असो का बाई, धरायचं काम शिकारणीचं. तू नजर ठेव. रोज मला येऊन सांग. वनखात्याचं ओळखपत्र पाहिजे म्हणत होतीस न्हाई का? साहेबांकडं शब्द टाकतो."

साहेब म्हणजे मालकांचे वरचे पुढारी. मला ते ओळखपत्र हवं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळल्यावर मी साप धरायचा चिमटा आणि पिशवी घेऊन जिनिंगला गेले. वटवाघळं चिमणीतून बाहेर पडत होती. दार वाजवलं.

"कोण?"

"मी. साप धरणारी."

"इथं साप न्हाई निघाला."

"ठाऊक हाय."

दार उघडलं. "मग?"

मी काही खोटं तयार करून गेले नव्हते. तोंडातून आलं, "रक्त तपासायचंय."

तिनं माझा चेहरा दिव्याकडं वळवला, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाली, "बसा. तपासायलाच पायजे." घरात होती म्हणून तोंडाला स्कार्फ नव्हता. गोरी होती. नाकावर आणि दोन्ही गालांवर तांबूस चट्टे, काही जुने, भाजल्यासारखे. केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली. ती सुंदर आहे असं मी त्या वेळी मनात म्हटलं नाही. मला नेमून दिलेलं काम मी केलं, तिच्या पायांकडं बघितलं. सरळ होते. नखांना मेंदी लावलेली होती.

तिनं माझ्या दंडाला रबर बांधलं आणि कोपराच्या खाली दोन बोटांनी टिचक्या मारल्या.

"तुमची शीर लई चांगली हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बोट ठेवलं की सापडती. लोकांच्या शिरा पळतेत."

शाल-श्रीफळाच्या दोन्ही कार्यक्रमांत मिळून माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. सुई आत गेली तशी मी मान फिरवली.

"नागाला धरता अन सुईला भेता?"

"नागाला मी धरते. सुई तुमी धरलीय."

ती हसली. खालच्या ओळीत एक दात थोडा पुढं होता. सुळे आपल्या सगळ्यांसारखेच.

दोन दिवसांनी रिपोर्ट द्यायला तिनं मला बोलावलं. हिमोग्लोबिन सात. तिनं कागद माझ्यासमोर धरला. "साप धरत फिरता अन अंगात रक्त कुठाय? तुमचं रक्त प्यायला कुणी आलं तर त्याचं पोट भरायचं न्हाई." मग आवाज न बदलता म्हणाली, "मला ठाऊक हाय तुमी कावून येताव ते. दुकानदारानंच सांगितलं. नजर ठेवा, माझं काय न्हाई. फक्त गोळ्या चुकवू नका." तिनं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मूठभर शेंगदाणे-गूळ समोर ठेवला. माझं खाऊन होईपर्यंत ती समोरून हलली नाही.

मी रोज संध्याकाळी जायला लागले आणि रोज मालकांना सांगायला लागले. सातला छत्री मिटली. सव्वासातला तुळशीला पाणी घातलं. आठला जेवली, मेथी आणि भाकरी. नवाला झोपली.

"नवाला?" मालक म्हणाले. "हडळ नवाला झोपती?"

"पहाटं लवकर उठावं लागतं तिला."

मालकांचा चेहरा पडला. पत्रकारानं तरीही त्या रात्री 'जिनिंगमध्ये दडलंय काय?' असा कार्यक्रम केला. त्यात चिमणीचं चित्र होतं, पाठीमागं लांडग्याचं ओरडणं होतं. आमच्याकडं लांडगा कधी ओरडलेला मी ऐकलेला नाही.

एका संध्याकाळी तिचाच फोन आला. "ताई, आता खरंच साप निघालाय." गोदामात चांगली सहा फुटांची धामण होती. मी ती धरली. तिनं विचारलं, "हात लावू का?" आणि शेपटीवर हळूच तळवा ठेवला.

"थंड हाय."

"तुमचे बी हात थंडच असतेत."

"ते स्पिरीटमुळं."

धामण सोडायला आम्ही ओढ्याच्या पलीकडं चालत गेलो. ऊन गेलं होतं, म्हणून ती उघड्या तोंडानं चालत होती, आणि वारा लागला की डोळे मिटून क्षणभर थांबायची. वाटेत तिनं सांगितलं. शाळेत प्रार्थनेला उन्हात उभं केलं की तोंडावर फोड यायचे. गुरुजी म्हणायचे, नाटक करती. मोठ्या दवाखान्यात कळलं की अंगातच तसा आजार आहे, ऊन सोसणार नाही. एकदा लग्न ठरलं होतं. पाहुण्यांनी तिला दोनदा घरात बघितलं, तिसऱ्यांदा गल्लीत, उजेडात. चौथ्यांदा ते आले नाहीत. लसूण तिला आवडत नव्हता, लहानपणापासून, एवढंच त्याचं कारण होतं. "म्हणून हे काम धरलं," ती म्हणाली. "लोकांच्या रक्तात ऊन न्हाई."

पुढच्या आठवड्यात मालक साहेबांच्या सभेला बीडला गेले. दोन दिवस येणार नव्हते. मी त्या संध्याकाळीही जिनिंगला गेले. तिनं दारातच अडवलं.

"मालक गावात न्हाईत."

"ठाऊक हाय."

"मग आज कुणाला सांगायचं न्हाई."

"न्हाई."

"तरी आलीस?"

तिनं मला 'अगं-तुगं' केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी म्हणाले, "आले." नागासमोर काय करायचं हे वडिलांनी शिकवलं होतं, हलायचं नाही, तेवढंच मी केलं. तिनं माझा हात धरला. रबर बांधायला धरायची त्याहून हळू, आणि किती तरी वेळ. मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाही. स्थळं उठून गेल्याचं दुःख मला का व्हायचं नाही, याचं उत्तर माझ्याकडं आपसूक चालत आलं होतं. आत गेल्यावर तिनं आधी माझी गोळी राहिली का ते विचारलं.

मालक परतल्यावर मी पुन्हा माहिती द्यायला लागले. "झोपेत घोरती," असं एकदा बोलून गेले. हे तुला कसं कळलं, असं मालकांनी विचारलं नाही. असला प्रश्न गावात कुणाच्याच डोक्यात येण्यासारखा नव्हता, हे आमचं नशीब.

मग साहेबांचा वाढदिवस आला. चौकात फ्लेक्स लागले. त्यावर साहेब मोठे, मालक मध्यम आणि सरपंचबाई कोपऱ्यात तिकिटाएवढ्या. शाळेत रक्तदान शिबिर ठेवलं होतं. रक्तपेढीकडं माणसं कमी होती, म्हणून मदतीला तपासणी केंद्रातून तिला पाठवलं. पारावर तिला हडळ ठरवणारे सगळे रांगेत उभे होते, कारण शेवटी प्रत्येकाला टी-शर्ट मिळणार होता. व्हॅम्पायर शोधून काढणारा पत्रकार सुई बघताच खाली बसला. त्याला पंख्याखाली नेऊन लिंबू-सरबत पाजलं, तेही तिनंच.

शेवटी मालक खाटेवर आडवे झाले. फोटोवाला तयार होता. मालक तिला हळू आवाजात म्हणाले, "बाई, टोचू नका. नुसती पट्टी लावा अन हातात तो चेंडू द्या."

तीही हळूच म्हणाली, "न टोचता पट्टी लावत न्हाई आमी."

"फोटोपुरतं हो."

"मग फोटोपुरतं टोचते."

आसपासचे चार लोक हसले. मालक उठले आणि बाही खाली ओढून गेले. दुसऱ्याच दिवशी पाचवी शेळी मेली आणि पारावर ठरलं, अमावस्येच्या आत बाईनं गाव सोडायचं. सांगायचं काम माझ्यावर.

मी सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "कुत्री हाईत ती."

"कोणती?"

"मालकाच्या शेतातली. दोन. उंच, बारीक कमरेची. मी पहाटं निघते तवा कधी कधी रस्ता वलांडताना दिसतेत. तोंड लाल असतं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"मला विचारलं कुणी? मी कोण हाय ते ठरवायला अख्खं गाव बसलतं. मी काय बघितलं, ते कुणी विचारलंच न्हाई."

मलाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं. महिनाभर मी तिच्यावर नजर ठेवली, तिला काय दिसतं ते मात्र विचारलं नाही. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पुढच्या चार पहाटे आम्ही दोघी तिच्या वाटेवर, उसाच्या बांधाला थांबलो. चौथ्या पहाटे ती कुत्री आली. ही मालकांनी मोठेपणासाठी लांबून आणलेली शिकारी कुत्री, रात्री मोकळी सोडलेली. एकाच्या तोंडावर रक्त होतं. मी मोबाईलवर फोटो घेतले. तिनं छत्री उघडून कामाची वाट धरली, तिला उशीर झाला होता.

मी फोटो मालकांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला.

"फोटो चांगला आलाय," ते म्हणाले. "पण कुत्री कुणाची ते कुठं दिसतंय?"

"पट्ट्यावर तुमचं नाव हाय." मी दोन बोटं काचेवर ठेवली.

"मोठं करू नको," मालक म्हणाले.

दोन दिवसांनी पुन्हा बैठक झाली. मालकांनी जाहीर केलं की आपण फार मोठ्या अंधश्रद्धेत होतो, हडळ वगैरे काही नसतं, हे काम बिबट्याचं आहे. पत्रकारानं त्यात भर घातली. शेळी हडळीनं मारली तर भरपाई नाही, कुत्र्यानं मारली तरी नाही, बिबट्यानं मारली तर आहे. एवढं ऐकल्यावर तीन जणांना आपण बिबट्या बघितल्याचं आठवलं. एकानं तर त्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवली.

वनखात्याचा एक रक्षक पंचनाम्याला आला. मातीतले ठसे बघून तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, ह्यात नखं उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत घेतो."

"ठाऊक हाय."

"जाणकार म्हणून सही तुमची हाय. काय लिहू?"

ज्या म्हातारीच्या दोन शेळ्या गेल्या होत्या ती समोर उभी होती. पाठीमागं मालक उभे होते. मी म्हणाले, "चार पायांचं, दात असलेलं जनावर."

त्यानं थोडा विचार केला. "ह्यात खोटं काय न्हाई," म्हणाला आणि लिहिलं. ते कागद तालुक्याला गेले. म्हातारी अजून अधूनमधून मला विचारते, जनावर कोणतं ते तिथल्या लोकांना कळलं का म्हणून.

मालकांनी कुत्री साखळीनं बांधली आणि शेळ्या मरायच्या थांबल्या. अर्धं गाव म्हणायला लागलं, बिबट्या सिरसाळ्याकडं गेला. उरलेलं अर्धं म्हणालं, बिबट्या वगैरे वरच्या लोकांना सांगायला ठीक आहे, खरं म्हणजे शिकारणीनं हडळ बांधली. आणि बांधलेली हडळ सुटू नये म्हणून कुणीतरी जवळ राहायला हवं. मालकांनी मला बोलावून घेतलं.

"तू तिथंच राहा. बंदोबस्त पायजे."

"किती दिवस?"

"कायमचाच धर."

मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरत नव्हतं. "गावासाठी करते," म्हणाले. मालकांना माझं कौतुक वाटलं. ओळखपत्र काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याची पेटी, चिमटा आणि पिशव्या घेऊन जिनिंगला राहायला गेले. बायका वाटेत थांबवून विचारायच्या, "भ्या वाटत न्हाई का गं?" मी म्हणायचे, सवय झाली. दोन बायकांच्या एकत्र राहण्याला दुसऱ्या कुठल्या गावात इतकी सहानुभूती मिळाली असेल असं मला वाटत नाही. दिवाळीला तर मालकांच्या घरून फराळाचा डबा आला. तो घेऊन सरपंचबाई स्वतः आल्या होत्या. डबा देताना त्यांनी आमच्या दोघींकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरं केलं." चहा न घेता गेल्या.

आईला मात्र गावासारखं फसवता येत नव्हतं. संक्रांतीनंतर ती एका पिशवीत दोन लुगडी घेऊन आली. दोन्ही खोल्या बघितल्या. खाट एकच होती. तिनं पिठाचा डबा कुठं आहे ते विचारलं आणि भाकरी थापायला बसली.

"तुला इथं बरं हाय का?" तव्याकडं बघतच तिनं विचारलं.

"बरं हाय."

"अन तिला?"

आतल्या खोलीतून आवाज आला, "मला बी, काकू."

आईनं भाकरी उलटली. "मग मावशीला सांगते, स्थळं बघू नको म्हणून."

"काय कारण सांगशील?"

"सांगते की सरकारी काम लागलंय अन सुटी मिळत न्हाई."

दोन दिवस राहून आई गेली. जाताना एक लुगडं आमच्या दोरीवर वाळत राहिलं. मी फोन करून विचारलं, आणून देऊ का. ती म्हणाली, राहू दे तिथंच, पुढल्या खेपेला नेसायला लागंल.